गावातलं बोलणं बंद झालं असेल, तर शांततेचं काम कुठून सुरू करायचं?

गोदाकाठच्या एका गावातल्या शिक्षकांनी विचारलंय: "२०२३ पासून आरक्षणाच्या वादावरून आमच्या गावात मराठा आणि ओबीसी असे दोन तट पडलेत. २०२४ च्या लोकसभा निकालानंतर तर एकमेकांच्या दुकानात जाणं, पेरणीला ट्रॅक्टर सांगणं, लग्नाला जाणं, सगळंच बंद झालं. मारामारी मात्र झालेली नाही. पोलीस ठाण्यात शांतता समितीच्या बैठका होतात, भाईचाऱ्याची भाषणं होतात, दुसऱ्या दिवशी गाव तसंच्या तसं. जगात वंशावरून, धर्मावरून माणसं लढली, तिथं काय केलं गेलं? त्यातलं आम्हाला काय उपयोगी पडेल? आणि बाहेरचा मध्यस्थ बोलवावा का?"

सर, मारामारी झालेली नाही हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. गावात अजून असं काहीतरी शिल्लक आहे जे हात उगारू देत नाही. ते काय आहे हे आधी शोधा, आणि शांतता समितीचं काय करायचं ते नंतर बघा.

आपल्याकडं शांततेचं सगळं काम एका समजुतीवर चालतं. भांडण गैरसमजातून होतं, माणसं समोरासमोर बसवली की गैरसमज दूर होतो आणि मनं जुळतात. मराठवाड्यातल्या गावांत इतकी वर्षं हे काम केल्यावर मला ही समजूत अपुरी वाटते. तुमच्या गावात गैरसमज कुठला आहे? मराठ्यांना काय हवंय हे ओबीसींना पक्कं ठाऊक आहे. ओबीसींना कशाची भीती वाटते हे मराठ्यांना ठाऊक आहे. एकमेकांचं म्हणणं कळलेलं असूनही ते मान्य करता येत नाही, कारण मान्य केलं की आपल्या पदरातलं काही जाईल असं दोघांनाही वाटतं. अशा भांडणात मनं जुळवायला गेलात तर वर्ष वाया जाईल. माझं म्हणणं एवढंच आहे की मनांचा नाद तूर्त सोडा. गावातला व्यवहार चालू ठेवा आणि ज्यानं त्यानं आपापल्या माणसाला आवरावं, एवढी दोन कामं धरा.

हे का, ते सांगतो.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण बांधाच्या, वाटेच्या, पाण्याच्या पाळीच्या भांडणात तिनं बरीच घरं कोर्टाच्या पायरीपासून वाचवली. बांधाचं भांडण कितीही चिडीचं असलं तरी शेवटी मोजणी येते, खुणा रोवल्या जातात, थोडं याचं थोडं त्याचं होतं. पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा जायचा, हे मात्र मोजणीनं सुटत नाही. पहिला बैल एकच असतो. अर्धा मान तुला अर्धा मला, असं करता येत नाही. आपण काय करतो, तर बांध सोडवायची रीत घेऊन मानाच्या भांडणात शिरतो आणि मग "तुम्ही थोडं सोडा, ते थोडं सोडतील" असं सांगत बसतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस मला माझी जातच थोडी सोडायला सांगतोय.

मराठवाड्याला हे नव्यानं सांगायला नको. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि लगेच मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंचा खून झाला. जाळणाऱ्यांपैकी आणि ज्यांची घरं जळाली त्यांच्यापैकी किती जणांचा विद्यापीठाशी संबंध होता? खेड्यात खदखदत होतं ते वेगळंच. दलितांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं, येसकरकी म्हणजे वेशीची राखणदारी सोडली होती, पोरं औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकून नोकऱ्यांना लागत होती, गायरानावर हक्क सांगितला जात होता. नाव हे त्या सगळ्याचं तोंड होतं. पुढं नामांतरासाठी लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले, नांदेडला १९९३ मध्ये गौतम वाघमारेंनी आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, म्हणजे बाबासाहेबांचं नाव आलं आणि मराठवाडा हा शब्दही राहिला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं दुसरं विद्यापीठ उभं राहिलं.

या तडजोडीवर दोन्हीकडून टीका झाली, अजूनही होते. पण मध्यस्थाच्या नजरेनं बघितलं तर तिच्यात शिकण्यासारखं आहे. जी गोष्ट वाटून घेता येत नव्हती ती मोठी केली, आणि कुणालाही आपलं म्हणणं खोटं होतं असं कबूल करावं लागलं नाही. त्याला सोळा वर्षं लागली हे खरं. शिवाय मुंबईत ठराव होताना खेड्यात कुणी काही तयारीच केली नव्हती. टेंभुर्णीसारख्या गावांत कोण चिडेल, कुणाला आवरावं लागेल, वस्तीच्या पाठीशी कोण उभं राहील, याचा विचार ठरावाआधी व्हायला हवा होता. निर्णय वर होतो आणि त्याची किंमत खाली मोजली जाते, हे आरक्षणाच्या प्रश्नातही होऊ शकतं, म्हणून ही आठवण दिली.

आता शांतता समिती. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ ला हिंसाचार सुरू झाला. तिथल्या बहुसंख्य मैतेई समाजाची अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी आणि तिच्यावरचा उच्च न्यायालयाचा आदेश हे त्याचं निमित्त होतं, म्हणजे तिथंही वाद प्रवर्गाचाच होता. जूनमध्ये केंद्रानं राज्यपालांच्या अध्यक्षतेखाली मोठी शांतता समिती नेमली. यादी जाहीर झाली आणि दुसऱ्या, म्हणजे कुकी जमातींच्या बाजूच्या काहींनी सांगितलं की आम्हाला न विचारता आमची नावं घातलीत, आणि ज्यांच्यावर आमचा विश्वास नाही ते मुख्यमंत्रीच समितीत आहेत. समिती कामाला लागण्याआधीच कोलमडली. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी वेगळं काय होतं? ठाण्यातून फोन येतो, "प्रतिष्ठित नागरिक" जमतात, फोटो निघतो, आवाहन होतं. त्या खोलीत बसलेल्यांपैकी एकानंही कधी दगड उचललेला नसतो, आणि जो उचलणार आहे त्याला बैठक झाल्याचं दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं. पोलिसांना दोष देत नाही. बंदोबस्ताच्या आधी ठाणेदाराला कुणाशी तरी बोलावं लागतं, त्यासाठी ही बैठक ठीक आहे. फक्त तिला शांततेचं काम समजू नका.

समितीत माणसं कशी घ्यावीत, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. आपण काय करतो, तर जातीनिहाय घेतो. मराठा इतके, वंजारी इतके, धनगर, माळी, बौद्ध, मुस्लिम प्रत्येकी एकदोन. सगळ्यांना स्थान मिळालं म्हणून बरं वाटतं. बोस्नियात हेच देशाच्या घटनेत केलं. १९९५ च्या डेटन करारानं युद्ध थांबलं, आणि ते थांबणं फार मोठं होतं. पण त्याच करारानं राष्ट्राध्यक्षपद तिघांत वाटलं: एक बोस्नियाक (म्हणजे तिथला मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब. जो या तिघांतला नाही त्याला उभंच राहता येत नाही. देर्वो सेजदिच हे रोमा आणि याकोब फिंत्सी हे ज्यू युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले, २००९ मध्ये जिंकले, तरी घटना काही बदलली नाही. तिथल्या काही शाळांत एकाच इमारतीत दोन शाळा भरतात, पोरं वेगळ्या दारानं आत जातात. ज्या शिक्क्यांवरून लढाई झाली तेच शिक्के करारानं कायमचे करून टाकले.

गावातही तसंच होतं. एकदा माणूस "मराठ्यांकडून" किंवा "ओबीसींकडून" बैठकीला आला की त्याला तसंच बोलावं लागतं. त्याचा व्हिडिओ संध्याकाळी गावात फिरणार असतो. मऊ बोलला तर घरी जाऊन उत्तर द्यावं लागतं. तोच माणूस दूध संकलन केंद्राचा चालक म्हणून आला तर वेगळं बोलतो, कारण त्याला चाळीस घरचं दूध हवं असतं. म्हणून बोलवायचं ते कामावरून. किराणा दुकानदार, ट्रॅक्टरवाले, मळणीयंत्रवाले, दूधवाले, ऊसतोडीचे मुकादम, शाळा व्यवस्थापन समितीतल्या आया, आशाताई. आशाताईला तर विसरूच नका. दोन्ही तटांच्या घरात चुलीपर्यंत जाणारी ती बहुधा तुमच्या गावातली एकमेव व्यक्ती असेल, आणि शांतता समितीच्या यादीत तिचं नाव मी क्वचितच पाहिलंय. जाती तिथंही सगळ्या येतील हे बघायचं, पण कागदावर जात लिहायची नाही.

याच्या उलट टोकाचा उपाय म्हणजे ओळखच पुसून टाकायची. बीड पोलिसांनी २०२५ मध्ये गणवेशावरच्या पट्टीतून आडनाव काढलं आणि फक्त नाव ठेवलं, कारण समोरचा माणूस आधी आडनाव वाचत होता आणि मग तक्रार द्यायची का नाही ते ठरवत होता. मला हा निर्णय आवडला. सरकारी नोकराच्या छातीवर जात दिसायची गरज नाही. पण गावात तो चालत नाही, कारण गावात पाटी न वाचताही सगळ्यांना सगळं माहीत असतं. रवांडात १९९४ च्या संहारात सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे लिहिण्याची पद्धत बेल्जियन राजवटीची, आणि नाक्यानाक्यावर तेच कार्ड बघून माणसं बाजूला काढली गेली. नंतरच्या सरकारनं तो रकाना काढला आणि "आम्ही सगळे रवांडन" हे धोरण केलं. रकाना काढणं योग्यच होतं. पण त्याबरोबर त्या विषयावर उघड बोलणंही अवघड झालं. तुमच्या गावात "जातपात मानू नका" असा फलक लावून काही होणार नाही. ज्याला आत्ता आपल्या जातीमुळंच गावात, तालुक्यात कुणीतरी विचारतंय, त्याला तो फलक म्हणजे नवा अपमान वाटतो.

मग एकत्र खेळ, एकत्र जेवण, इफ्तार, एकता दौड? याबद्दल एक अभ्यास मला फार उपयोगी पडला. इस्लामिक स्टेटच्या काळात इराकमधले ख्रिश्चन घरदार सोडून पळाले होते. ते परतल्यावर सलमा मूसा या संशोधिकेनं तिथं फुटबॉलचे संघ केले. काही संघ पूर्ण ख्रिश्चन, काहींत मुस्लिम खेळाडू मिसळलेले. निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मिसळलेल्या संघांतली पोरं मैदानावर खरोखर बदलली. पुढच्या हंगामात पुन्हा मिश्र संघात खेळायला तयार झाली, मुस्लिम खेळाडूंना खिलाडूपणाच्या बक्षिसासाठी मतं दिली. पण मुस्लिमबहुल मोसुलमधल्या हॉटेलात जाऊन जेवायला, किंवा गावातल्या मिश्र कार्यक्रमाला जायला ती इतरांपेक्षा जास्त तयार झाली नाहीत. मैदानावरचा बदल मैदानावरच थांबला. आपल्याकडं "एकता चषक" भरवणाऱ्या प्रत्येक तरुण मंडळाला मी हे सांगतो. भरवा, वाईट काहीच नाही, पण त्यातून दुकानाचा बहिष्कार उठेल अशी आशा धरू नका. बहिष्कार उठवायचा असेल तर काम दुकानातच करावं लागतं.

दुकानात म्हणजे कसं? केनियाच्या ईशान्येला वाजीर नावाचा कोरडा, दुष्काळी जिल्हा आहे. आपल्या माणसाला तो परका वाटणार नाही. तिथं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ आणि सोमाली कुळांमधली मारामारी एकत्र आली. एका कुळाच्या बाईला दुसऱ्या कुळाची बाई बाजारात विकू देत नव्हती, तिच्याकडून घेत नव्हती. १९९३ मध्ये काही बायका एकत्र आल्या. देखा इब्राहिम अब्दी त्यांच्यातली एक, तिला पुढं २००७ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. या बायकांनी आधी बाजार धरला. कुठल्याही कुळाच्या बाईला इथं विकता आणि घेता आलं पाहिजे, एवढाच नियम. तो पाळला जातो का हे बघायला बायका नेमल्या, कुरबूर झाली की त्याच दिवशी मिटवायची. बाजार सुरळीत झाल्यावर त्या कुळांच्या म्हाताऱ्यांकडं गेल्या, मग तरुणांकडं, मग अधिकाऱ्यांकडं. म्हाताऱ्यांचा लेखी करार पुढं झाला. तुमच्या गावाला या क्रमाचा उपयोग आहे. करार शेवटी आला, आणि तो आला तेव्हा बाजार आधीच चालत होता.

तुमच्याकडं सुरुवात दुकानापेक्षाही ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रापासून करा. दुकान बदलता येतं, माणूस तालुक्याहून साखर आणतो. पण सोयाबीन पावसात सापडलं आणि गावातलं मळणीयंत्र दुसऱ्या तटाचं असलं की बहिष्काराचा खर्च त्याच आठवड्यात दिसतो. अशा वेळी कुणीतरी गुपचूप सांगावं लागतं, "तू यंत्र दे, पैसे नेहमीच्या दरानं मिळतील, बोभाटा होणार नाही." बोभाटा न होणं महत्त्वाचं. पहिल्यांदा व्यवहार करणाऱ्याला त्याच्याच लोकांनी गद्दार म्हणू नये, यासाठी तुम्हाला झटायचंय.

आणि बचत गटांबद्दल एक गोष्ट. आपल्याला वाटतं बचत गटांमुळं बायका एकत्र येतात. गट बनतो गल्लीवरून, आणि गल्ली असते एका जातीची. त्यामुळं गट बहुतेक एकजातीय असतो. सगळे गट जिथं भेटतात तो ग्रामसंघ. त्याच्या बैठका तुमच्या गावात अजून होतात का, कर्ज वाटपावरून तिथं भांडण झालंय का, हे विचारा. आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या दंगलींचा अभ्यास करताना शांत आणि दंगलग्रस्त शहरांच्या जोड्या लावून पाहिल्या. त्यांना आढळलं की नुसत्या शेजारपणापेक्षा, येण्याजाण्यापेक्षा, संघटनेतलं एकत्र असणं जास्त टिकतं: व्यापारी मंडळ, कामगार संघटना, असलं काही. खेड्यात शेजारपणाचं वजन ते सांगतात त्यापेक्षा जास्त आहे असं माझं मत आहे, पण ताण वाढला की नियम आणि हिशेब असलेली संस्थाच तग धरते, हे मी पण पाहिलंय. भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८४ च्या दंगलीनंतरच्या वर्षांत मोहल्ला समित्या बांधल्या. त्यांत मोठे पुढारी कमी आणि वस्तीतली साधी माणसं जास्त होती, आणि त्या फक्त सणाच्या तोंडावर न बसता वर्षभर नळ, गटार, नवराबायकोचं भांडण असं काहीबाही सोडवत राहिल्या. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

दुसरं काम म्हणजे आपापल्या माणसाला आवरणं. जेम्स फियरन आणि डेव्हिड लेटिन या अभ्यासकांनी १९९६ मध्ये एक साधा मुद्दा मांडला. दोन समाज शांततेत राहतात तिथं बऱ्याचदा असं दिसतं की आगळीक करणाऱ्याला त्याचाच समाज शिक्षा करतो, आणि म्हणून दुसऱ्या समाजाला सगळ्यांवर सूड उगवायची गरज पडत नाही. आपल्या म्हाताऱ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. "आमचं पोरगं चुकलं, त्याला आम्ही बघतो" एवढं वाक्य पूर्वी पारावर पुरायचं. आता ते म्हणायला कुणी तयार नाही, कारण असं म्हणणारा लगेच समाजद्रोही ठरतो.

म्हणून पहिली बैठक संयुक्त घेऊ नका. दोन्हीकडं वेगवेगळं बसा, तेही घरात, चारपाच माणसांत. प्रश्न एकच ठेवा: उद्या आपल्या एखाद्या पोरानं स्टेटसला त्यांच्या नेत्याची घाण चेष्टा टाकली, तर आपल्यापैकी कोण त्याच्या घरी जाईल आणि किती वेळात? नाव ठरलं पाहिजे. असाच कुणीतरी दुसऱ्या बाजूलाही ठरला की त्या दोघांकडं एकमेकांचा फोन नंबर पाहिजे. बाकी काही नाही झालं तरी चालेल. माझ्या अनुभवात खेड्यातली बहुतेक भांडणं स्टेटस टाकल्यापासून रात्री झोपेपर्यंतच्या वेळात पेटतात किंवा विझतात. त्या वेळात पोलीस स्क्रीनशॉट गोळा करत असतात. ज्याचं पोरगं तो उठून गेला तर स्टेटस निघतं आणि सकाळी कुणाला आठवतही नाही.

तिसरी गोष्ट मिरवणूक. तुम्ही ती विचारलेली नाही, पण दोन्ही तटांच्या जयंत्या, गणपती, पोळा येणारच. इथं उत्तर आयर्लंडकडून घेण्यासारखं आहे. तिथला १० एप्रिल १९९८ चा शांतता करार सगळ्यांना माहीत असतो, पण मला त्याच वर्षीचा मिरवणुकांचा कायदा जास्त शिकवून गेला. प्रोटेस्टंट संघटनांच्या मिरवणुका कॅथलिक वस्तीतून जायच्या, आणि दर उन्हाळ्यात तिथं पेटायचं. "हा आमचा परंपरागत रस्ता" विरुद्ध "आमच्या दारात तुमचे ढोल नकोत". ऐकल्यासारखं वाटतंय ना? त्यांनी एक आयोग नेमला. मिरवणुकीची सूचना २८ दिवस आधी द्यायची, आयोग रस्ता, वेळ, बँड कुठं थांबेल हे ठरवतो. पोलिसांकडं फक्त अंमलबजावणी, निर्णय नाही. पोर्टाडाउन गावातल्या गारवाघी रस्त्यावरून १९९८ पासून प्रोटेस्टंटांची मिरवणूक जाऊ दिलेली नाही, आयोजक अजूनही मागणी करतात, पण पूर्वीसारखी आग लागत नाही. डेरी शहरात तर व्यापाऱ्यांनी पुढाकार घेतला, कारण दर मिरवणुकीला बाजारपेठ बंद पडत होती. मिरवणूकवाले आणि वस्तीतले लोक यांच्यात त्यांनी निरोप नेले-आणले, आणि मिरवणूक अटींसह शांततेत निघू लागली.

तुमच्या गावासाठी याचा अर्थ: सणाच्या महिनाभर आधी एका कागदावर रस्ता, सुरू आणि संपण्याची वेळ, डीजे कुठं बंद होईल, कुठल्या घोषणा होणार नाहीत आणि स्वयंसेवक कोण, हे लिहून दोन्हीकडच्या त्या दोघांच्या सह्या घ्या. भाईचाऱ्याचं एकही वाक्य त्या कागदात नको. ते आलं की माणसं सही करायला बिचकतात. आणि जाता जाता सांगतो, बेलफास्टमध्ये दोन वस्त्यांमधल्या भिंती करारानंतर पाव शतक उलटलं तरी उभ्या आहेत, बहुतेक पोरं अजूनही वेगवेगळ्या शाळांत जातात. तिथं प्रेम जुळलेलं नाही. मारणं थांबलंय. मी तेवढ्यावर खूश आहे.

आता जे गावात सुटणारच नाही ते. आरक्षणाचा प्रश्न तुमच्या पारावर मिटणार नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षणाचा कायदा रद्द केला, २०२४ मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा आला, २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा, म्हणजे निजामकाळच्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा, शासन निर्णय निघाला, त्याला ओबीसींचा विरोध आहे. हे सगळं मुंबईत आणि कोर्टात चालणार. शांततेचं काम करणाऱ्यानं कुणाची मागणी बरोबर हे बोलू नये, आणि "आरक्षणानं काय होणार, नोकऱ्याच कुठंयत" असलं शहाणपण तर अजिबात शिकवू नये. दोन एकर कोरडवाहूवर पोराला शिकवणाऱ्या बापाला ते फार लागतं. श्रीलंकेत १९७० च्या दशकात विद्यापीठ प्रवेशाचे गुणांचे निकष असे बदलले की तमिळ मुलांना वैद्यकीय, अभियांत्रिकीला जास्त गुण लागू लागले. जागा मोजक्याच होत्या, पण त्या हुकलेल्या पोरांचा राग पुढं यादवी युद्धापर्यंत गेला हे जगानं पाहिलं. जागांचा प्रश्न लहान समजू नका. गावात एवढंच ठरवता येतं की मागणी सरकारकडं करायची आणि त्यापायी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बंद करायचा नाही. माझ्या पाहण्यात बहुतेकांना हा फरक पटतो, दोन्हीकडच्यांना.

दोन ठिकाणी थांबायचं. गुन्हा घडला असेल, विशेषतः दलित वस्तीवर, तर मध्यस्थी नाही, फिर्याद. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात तडजोड कायद्यानंच मान्य नाही, तरी "गावाच्या शांततेसाठी केस मागं घ्या" म्हणून फिर्यादीच्या दारात गाव बसतं. ज्याला रोज त्याच गावात मजुरी करायचीय तो घाबरून मागं घेतो आणि आपण म्हणतो, मिटलं. अशा बैठकीला मला बोलावलं तर मी जात नाही.

दुसरं, जुन्या जखमा. मराठवाड्यात प्रत्येक गावाला १९४८ ची आठवण आहे, आणि ती एक नाही. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी काय केलं हे १७ सप्टेंबरच्या भाषणात दरवर्षी सांगितलं जातं, आणि ते खरं आहे. पोलीस कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांवर काय झालं हे भाषणात येत नाही. पंडित सुंदरलाल समितीनं सगळ्या हैदराबाद संस्थानात मिळून त्यात २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला, उस्मानाबाद आणि नांदेड सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत होते, आणि तो अहवाल २०१३ पर्यंत बंद राहिला. मी दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांकडून या गोष्टी ऐकल्यात, वेगवेगळ्या ओसरीवर. त्या एका मंचावर आणण्याची घाई करू नका. खरं बोलल्यानं जखम भरते हे काही ठिकाणी होत असेल, पण तापलेल्या गावात त्याच गोष्टी उद्याच्या भाषणाचा दारूगोळा होतात. आधी मळणीयंत्र चालू द्या.

शेवटचा प्रश्न, बाहेरचा मध्यस्थ. बोलवा, पण आमदार नको, जिल्हा परिषदेचा इच्छुक नको, आणि ज्याला कीर्तनाचा व्हिडिओ काढायचाय तोही नको. शेजारच्या तालुक्यातला, दोन्हीकडं सोयरीक किंवा उधारी असलेला, कमी बोलणारा माणूस बघा. आडत्या चालतो, जनावरांचा डॉक्टर फार चांगला चालतो. त्याचं काम निरोप नेणं, दोन्हीकडचं नाव ठरेपर्यंतच. तुम्ही स्वतः ते काम घेऊ नका. तुमच्या शाळेत दोन्ही तटांची लेकरं एका फळीवर बसतात, ती जागा कुठल्याही बैठकीत अडकू देऊ नका, शाळेच्या खोलीत बैठकसुद्धा नको. आणि जे काय बसायचं ते दसऱ्याच्या आत बसा. एकदा साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की मुकादम टोळ्या घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतील, आणि ज्यांच्या सह्या हव्यात त्यांतली निम्मी माणसं उन्हाळ्यापर्यंत गावात नसतील.